पिकातील दोन कोळी : फुलावरील खेकडा-कोळ्याची ओळख
(वडोदरा येथील मराठी भाषक ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मही आणि नर्मदा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या काळ्या जमिनीच्या प्रदेशाला येथील लोक 'कानम' म्हणतात. करजण, डभोई, पादरा या भागांतील शेतकऱ्याला कपाशी आणि तूर ही पिके घरच्या माणसांइतकी परिचयाची आहेत. पाऊस सरून थंडीची चाहूल लागली की तुरीची शेते पिवळ्या फुलांनी भरून जातात. अशा वेळी सकाळी शेताच्या बांधावरून जाणाऱ्या माणसाला कधी कधी एक चमत्कारिक दृश्य दिसते. तुरीच्या फुलावर मधमाशी बसलेली असते; परंतु ती हलत नाही, उडत नाही आणि हात जवळ नेला तरी जागा सोडत नाही. जवळ जाऊन निरखून पाहिले म्हणजे उलगडा होतो. फुलाच्याच रंगाचा एक लहानसा प्राणी तिला मानेपाशी धरून बसलेला असतो. आपले पुढचे लांब पाय त्याने खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. हाच खेकडा-कोळी होय.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा लहानसा प्राणी आणि त्याची शरीररचना हा आहे. एवढ्याशा जिवासाठी एक संपूर्ण व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या मराठी भाषेतील एका शब्दात दडलेले आहे आणि तो शब्द म्हणजे 'कोळी'.

एक शब्द, दोन प्राणी

शेतीविषयक मराठी पत्रकांत 'कोळी' हे नाव वारंवार येते. वांगी, भेंडी, मिरची, गुलाब यांवर लाल कोळी पडतो, असे आपण वाचतो. 'कोळीनाशक फवारावे' हा सल्लाही वाचतो. तुरीच्या बाबतीत तर वांझ रोगाचा प्रसार कोळ्यामुळे होतो, असे ठळकपणे सांगितले जाते. हे सर्व खरे आहे. मात्र या पत्रकांतील कोळी आणि फुलावर मधमाशी धरून बसलेला कोळी हे दोन सर्वस्वी भिन्न प्राणी आहेत. पहिला झाडाचा रस शोषून जगणारी सूक्ष्म कीड आहे. दुसरा कीटकांची शिकार करणारा, झाडाचे एक पानही न खाणारा प्राणी आहे. एक शत्रू आणि दुसरा बहुतेक वेळा मित्र, परंतु मराठीत दोघांनाही एकच नाव लाभले आहे.

गुजराती भाषेत ही अडचण नाही. जाळे विणणाऱ्या व शिकार करणाऱ्या प्राण्याला गुजरातीत 'करोळियो' म्हणतात आणि पिकाचा रस शोषणाऱ्या सूक्ष्म किडीला 'कथीरी' किंवा 'पानकथीरी' म्हणतात. त्यामुळे गुजराती शेतकऱ्याला कथीरीचे औषध मारा असे सांगितले, तर त्याचे लक्ष करोळियाकडे जाण्याचे कारण नसते. मराठी शेतकऱ्याला मात्र कोळीनाशक मारा असे सांगितल्यावर त्याची नजर प्रथम डोळ्यांना दिसणाऱ्या कोळ्याकडे जाते. कारण खरी कीड नुसत्या डोळ्यांनी धड दिसतही नाही. दिसतो तो बिचारा फुलावरचा पहारेकरी आणि फवारा त्याच्यावर पडतो.

या शहरात शब्दांच्या नेमकेपणाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. १९३१ मध्ये याच बडोद्यातून 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. कारभारातील शब्द नेमका असावा आणि तो प्रजेला कळावा, हा त्यामागील हेतू होता. शेतीच्या कारभारातही हाच नियम लागू पडतो. शब्द बदलणे एका दिवसात साधणार नाही. परंतु प्राणी ओळखण्याची नजर एका सकाळीत येऊ शकते. त्यासाठी त्याच्या शरीराची ओळख करून घेणे हाच राजमार्ग आहे.

कोळी हा कीटक नव्हे

शाळेतील मुलांना पहिली गोष्ट सांगावयाची ती ही की, कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात आणि त्याच्या शरीराचे डोके, छाती व पोट असे तीन भाग पडतात. बहुतेक कीटकांना पंख असतात आणि डोक्यावर मिशांसारख्या दोन शृंगिका असतात. कोळ्याला आठ पाय असतात, त्याच्या शरीराचे दोनच भाग पडतात आणि त्याला पंखही नसतात व शृंगिकाही नसतात. पुढच्या भागात डोके व छाती एकत्र जोडलेली असतात. मागचा भाग म्हणजे उदर. या दोहोंना जोडणारी अतिशय बारीक कंबर असते. ही कंबर लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचाच आधार घ्यावयाचा आहे.

जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींची संख्या २०२२ मध्ये ५०,००० च्या पुढे गेली. त्यांची अनेक कुळे आहेत. खेकडा-कोळ्यांचे कुळ शास्त्रात 'थॉमिसिडी' या नावाने ओळखले जाते. स्वीडिश शास्त्रज्ञ सुंदेवाल यांनी १८३३ मध्ये हे कुळ प्रस्थापित केले आणि त्यात आज दोन हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. ज्या प्रजातीवरून कुळाला हे नाव मिळाले ती 'थॉमिसस' ही प्रजाती फ्रेंच अभ्यासक वाल्केनार यांनी १८०५ मध्ये वर्णिली. आपल्या शेतात व बागेत फुलांवर दिसणारे पांढरे, पिवळे वा फिकट गुलाबी खेकडा-कोळी पुष्कळदा याच प्रजातीचे असतात.

शरीररचना

आकारापासून आरंभ करावा. थॉमिसस प्रजातीची पूर्ण वाढलेली मादी साधारणपणे सहा ते दहा मिलिमीटर लांबीची, म्हणजे ज्वारीच्या एक-दोन दाण्यांएवढी असते. नर याहून पुष्कळच लहान, बहुधा दोन ते तीन मिलिमीटरांचा असतो. मोहरीच्या दाण्याशी त्याची तुलना करता येईल. नवख्या माणसाला नर आणि मादी हे एकाच जातीचे आहेत हे पटत नाही. मादी फुलासारखी फिकट व स्थूल, तर नर तपकिरी रंगाचा, सडपातळ आणि चपळ. कित्येकदा हा इवलासा नर मादीच्या पाठीवर बसलेला आढळतो आणि पाहणाऱ्यास ते तिचे पिल्लू वाटते.

पाय हे या प्राण्याचे सर्वांत ठळक लक्षण होय. चार जोड्यांपैकी पुढच्या दोन जोड्या मागच्या दोन जोड्यांपेक्षा उघडपणे लांब व दणकट असतात. सामान्य कोळ्याचे पाय पुढे आणि मागे वळलेले असतात. याचे पाय बाजूला वळलेले असतात. त्यामुळे तो पुढे चालतो, मागे सरकतो आणि खेकड्याप्रमाणे आडवाही जातो. पुढच्या पायांच्या टोकाकडील भागाला खालच्या बाजूने काटे असतात. पाय पसरून बसणे, भक्ष्य टप्प्यात आले की ते मिटून घेणे आणि काट्यांच्या साहाय्याने घट्ट धरणे, अशी ही योजना आहे. मागचे आखूड पाय फुलाला किंवा पानाला धरून ठेवण्याच्या कामी येतात. प्रत्येक पायाच्या शेवटी दोन नख्या असतात. जाळ्यावर राहणाऱ्या कोळ्यांना धागा धरण्यासाठी तिसरी नखी असते. ज्याला जाळ्यावर राहावयाचे नाही त्याला तिची गरज पडत नाही.

डोक्याचा पुढचा भाग रुंद असून त्याचे दोन्ही कोपरे लहान शिंगांसारखे बाहेर आलेले असतात. थॉमिसस प्रजाती ओळखण्याची ही उत्तम खूण आहे. आठ डोळे दोन ओळींत मांडलेले असून बाजूचे डोळे या शिंगांच्या उंचवट्यांवर बसविलेले असतात. डोळे बारीक असले तरी त्यांच्या या मांडणीमुळे समोरची व दोन्ही बाजूंची हालचाल त्याच्या ध्यानात येते. पायांवरील बारीक केसांनी त्याला कंपनेही जाणवतात. फुलावर माशी उतरली की पाकळी हलते आणि पहारेकरी सावध होतो.

उदराचा आकारही लक्ष वेधून घेणारा आहे. पुढे अरुंद आणि मागे रुंद होत जाणाऱ्या या उदराचे मागचे दोन कोपरे उंचावलेले असतात. वरून पाहिले असता ते जवळजवळ पंचकोनी दिसते. पाय आखडून बसलेली मादी दुरून फुलाची कळी किंवा गळून पडलेल्या पाकळीचा तुकडा वाटते, ते या आकारामुळेच.

तोंडाची रचना विशेष समजून घेण्यासारखी आहे. पुष्कळ कोळ्यांच्या जबड्यांना दात असतात व ते भक्ष्य चिरडतात. खेकडा-कोळ्याचे जबडे लहान असून बहुतेकांना दात नसतात. त्यामुळे तो भक्ष्याचे तुकडे करू शकत नाही. सुईसारख्या दातेरीने तो भक्ष्याच्या मानेपाशी सूक्ष्म छिद्र पाडतो, विष टोचतो, आतील भाग पाचकरसाने पातळ करतो आणि शोषून घेतो. उरते ते टरफल. म्हणूनच फुलाखाली किंवा पानावर बाहेरून अखंड परंतु आतून पोकळ अशी माशी किंवा मधमाशी सापडली, तर हे काम बहुधा खेकडा-कोळ्याचे असते, असे अनुमान करता येते.

हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. याचा अर्थ त्याला धागा काढता येत नाही असा नव्हे. वाऱ्याने फूल हलले व तोल गेला, तर तो धाग्याच्या आधाराने लोंबकळतो आणि पुन्हा वर चढतो. अंड्यांचे आवरणही तो धाग्याचेच करतो. येथे एक गमतीची गोष्ट लक्षात येते. हा खराखुरा कोळी शेतात जाळे पसरत नाही. उलट लाल कोळी ही कीड मात्र पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळी करून तिच्या आड राहते.

रंगाची किमया

खेकडा-कोळ्याच्या काही जातींतील माद्या आपला रंग बदलू शकतात. पांढऱ्या फुलावरील मादी पिवळ्या फुलावर गेली की काही दिवसांत पिवळी होते आणि परत पांढऱ्या फुलावर आली की हळूहळू पांढरी पडते. सरड्याप्रमाणे हा बदल क्षणात होत नाही. तिची त्वचा पारदर्शक असते. त्वचेखालील पेशींत पिवळे द्रव्य साठले की ती पिवळी दिसते. ते द्रव्य नाहीसे झाले की आतील पांढरे कण उघडे पडतात. नरांत हा गुण आढळत नाही.

माणसाच्या डोळ्याला हे लपणे वाटते. परंतु मधमाशीचा डोळा निराळा आहे. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण तिला दिसतात. ऑस्ट्रेलियातील थॉमिसस प्रजातीच्या एका जातीवर झालेले संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, आपल्याला पांढऱ्या फुलावर न दिसणारी ही पांढरी मादी अतिनील किरण परावर्तित करते आणि मधमाशीच्या दृष्टीने ते फूल अधिक आकर्षक ठरते. आपण ज्याला दडून बसणे समजतो, ते मधमाशीच्या बाबतीत चक्क आमिष असू शकते. एकच वस्तू निरनिराळ्या डोळ्यांना कशी निरनिराळी दिसते, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यास याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

पुण्याचे नाव धारण करणारे कोळी

भारतातील खेकडा-कोळ्यांच्या अभ्यासात डॉ. बी. के. टिकादार (१९२८–१९९४) यांचे नाव अग्रस्थानी आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ मध्ये पुणे येथे सुरू झाले. त्या केंद्रात डॉ. टिकादार यांनी काम केले आणि पुढे ते सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्यांनी १९६५ मध्ये ज्या नव्या जातींना नावे दिली, त्यांत 'थॉमिसस पूनीयस', 'थॉमिसस कात्रजघाटस' आणि 'थॉमिसस शिवाजिएन्सिस' ही नावे आहेत. पुणे आणि कात्रजचा घाट ही मराठी माणसाच्या नित्य परिचयाची ठिकाणे या इवल्याशा प्राण्यांमुळे जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत नोंदली गेली. १९८० मध्ये 'भारतीय प्राणिसृष्टी' या ग्रंथमालेतील कोळ्यांवरील पहिल्या खंडात त्यांनी खेकडा-कोळ्यांच्या कुळाचे सविस्तर वर्णन केले. आजही अभ्यासकाला तेथूनच आरंभ करावा लागतो.

वडोदऱ्यातही ही परंपरा आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील अभ्यासकांनी येथील शेतांमधील कोळ्यांच्या नोंदी केल्या आहेत. आणंद कृषी विद्यापीठाचे कडधान्य संशोधन केंद्र वडोदऱ्यातील मॉडेल फार्म येथे आहे. म्हणजे ज्या तुरीच्या फुलावर हा कोळी बसतो त्या पिकाचा आणि त्या कोळ्याचा, असा दोहोंचा अभ्यास याच शहरात होत आला आहे.

तुरीतील दुसरा कोळी

आता त्याच शेतातील दुसऱ्या कोळ्याकडे वळू. तुरीचे काही झाड झुडपासारखे वाढते, पाने लहान राहतात, त्यांवर फिकट हिरवे-पिवळे चट्टे उमटतात आणि झाडाला फुले व शेंगा लागत नाहीत. हाच वांझ रोग. तो विषाणूमुळे होतो आणि त्याचा प्रसार एका अतिसूक्ष्म कोळी-किडीमार्फत होतो. या किडीची लांबी मिलिमीटरच्या पाव भागाएवढीही नसते. तिचे शरीर लांबट, गाजराच्या आकाराचे असते आणि तिला केवळ चार पाय असतात. नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही; भिंगाखालीही ती नेटाने शोधावी लागते.

भाजीपाल्यावरील लाल कोळी हिच्यापेक्षा थोडा मोठा, सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला आठ पाय असतात. परंतु त्याचे शरीर एकसंध असते. डोके-छाती आणि उदर यांच्यामधील बारीक कंबर त्याला नसते. तो एकटा राहत नाही. पानाच्या खालच्या बाजूस त्याचे थवे असतात आणि पानावर बारीक पांढुरके ठिपके पडतात.

यावरून दोहोंतील फरक असा सांगता येईल. कंबर स्पष्ट दिसत असेल, प्राणी एकटा असेल, फुलावर किंवा शेंड्यावर पाय पसरून बसला असेल आणि पान निरोगी असेल, तर तो शिकारी कोळी समजावा. पाने डागाळलेली असतील, खालच्या बाजूस जाळी असेल आणि तीत धुळीच्या कणांएवढे असंख्य ठिपके हलत असतील, तर ती कीड समजावी. तुरीचे झाड फुलावरच आले नसेल, तर तेथे वांझ रोगाची शंका घ्यावी. ज्या फुलावर खेकडा-कोळी बसतो ते फूलच वांझ रोगामुळे येत नाही; म्हणजे एक कोळी फुलावर राखण करतो आणि दुसरा फूल येऊच देत नाही.

वांझ रोगावर रोगट झाडे लवकर उपटून नष्ट करणे आणि प्रतिकारक वाण पेरणे हे मुख्य उपाय होत. मराठवाड्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने या रोगास प्रतिकारक असे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण दिले आहेत. हा रोग दिसला म्हणून फुलावरील मोठ्या कोळ्यांवर औषध मारण्यात काहीही अर्थ नाही. रोगाशी त्यांचा तिळमात्र संबंध नसतो.

मित्र, परंतु गुणदोषांसह

खेकडा-कोळ्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. तो माणसाच्या सोयीने शिकार करीत नाही. फुलावर येणाऱ्या माश्या, पतंग, ढेकण्या, लहान अळ्या आणि फुलकिडे यांच्याबरोबर तो मधमाशीही पकडतो. मधमाशी ही शेतकऱ्याची मोठी उपकारकर्ती आहे. दुधी, दोडका, काकडी यांसारख्या वेलभाज्यांना फळ धरण्यासाठी परागीभवन करणाऱ्या कीटकांची गरज असते आणि पादऱ्याचा भाजीपाला पिकविणारा शेतकरी हे जाणतो. तेव्हा हा कोळी निर्दोष आहे असे सांगणे सत्याला धरून होणार नाही. त्याचप्रमाणे एकटा खेकडा-कोळी तुरीतील शेंगा पोखरणाऱ्या अळीचा बंदोबस्त करील, अशी आशाही बाळगू नये. अळी शेंगेत शिरली की ती त्याच्या आवाक्याबाहेर जाते.

तरीही त्याची बाजू भक्कम आहे. शेतात तो एकटा नसतो. जाळ्याचे कोळी हवेतील तुडतुडे व पतंग अडवितात, जमिनीवर धावणारे कोळी रात्री खाली उतरलेल्या किडी टिपतात, उड्या मारणारे कोळी पानावर शिकार करतात आणि फुलाची चौकी खेकडा-कोळी सांभाळतो. हा सर्व फौजफाटा मिळून किडींची वाढ आटोक्यात ठेवण्यास हातभार लावतो. अनेक प्रकारच्या किडींवर चालणारे जहाल औषध वारंवार फवारले, तर हा फौजफाटा प्रथम गारद होतो. किडींच्या पिढ्या झपाट्याने वाढतात. कोळ्यांची वाढ संथ असते. यामुळेच काही ठिकाणी फवारणीनंतर लाल कोळी व पांढरी माशी यांचा उपद्रव कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळते. ज्या किडीसाठी औषध आणले तिचेच शत्रू त्या औषधाने मेलेले असतात.

फवारणीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ही सर्व घरे आपल्यासारखीच कपाशी पिकविणारी होती. प्रत्येक अनावश्यक फवारणी टाळणे हे यास्तव खर्च वाचविण्याइतकेच माणूस वाचविण्याचेही काम आहे. आणि फवारणी आवश्यक आहे की नाही, हे ठरविण्यासाठी शेतात काय आहे ते ओळखता आलेच पाहिजे.

भीती आणि समज

गुजरातेत अंगावर पांढुरके डाग पडले की त्यांना 'करोळिया' म्हणतात. अंगावरून कोळी गेल्याने ते होतात, असा समज पुष्कळ घरांत आहे. वस्तुतः हे डाग त्वचेवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीमुळे पडतात आणि वैद्यकीय उपचाराने बरे होतात. करोळियो या प्राण्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. येथेही एकाच शब्दाने घोटाळा केला आहे. मराठीत कोळी या शब्दाने जसा कीड आणि मित्र यांचा घोटाळा केला, तसाच गुजरातीत करोळिया या शब्दाने रोग आणि प्राणी यांचा केला. दोन्ही भाषांत बदनामी मात्र त्याच निरपराध प्राण्याच्या वाट्याला आली.

खेकडा-कोळ्याचे विष माश्यांसाठी पुरेसे असते. माणसाला ते अपायकारक नाही. त्याला बोट लावले तर तो बहुधा फुलामागे सरकतो किंवा धागा सोडून खाली उतरतो. मुलांनी त्याला भ्यावे असे त्यात काही नाही. अकारण मारावे असे तर मुळीच नाही.

त्याचा संसारही थोडक्यात सांगण्यासारखा आहे. मादी एखादे पान दुमडून धाग्याने शिवते, त्यात अंडी घालते आणि त्यांच्यावर पहारा देत बसते. या काळात तिचे खाणे जवळजवळ सुटते आणि बहुधा पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास तिचे आयुष्य संपते. पिल्ले झाडाच्या शेंड्यावर चढतात, बारीक धागा वाऱ्यावर सोडतात आणि त्या धाग्याबरोबर तरंगत दुसऱ्या शेतात जाऊन पोचतात. एका शेतकऱ्याने जपलेले कोळी अशा रीतीने शेजाऱ्याच्या कामी येतात, आणि एकाने केलेल्या अविचारी फवारणीचा तोटा शेजाऱ्यालाही सोसावा लागतो.

प्रत्येकाने करावयाचे काम

शेतकरी बांधवांनी औषधाचा पंप उचलण्यापूर्वी शेतात चार-पाच ठिकाणी थांबून झाडे निरखावीत. झाडाखाली पांढरा कागद किंवा कापड धरून फांदी हलकेच झटकावी. खाली पडलेल्या जिवांत किडी किती व कोळी किती याची मोजदाद करावी. किडींची संख्या नुकसानीच्या पातळीच्या खाली असेल आणि कोळी भरपूर असतील, तर थोडे थांबण्याचे धैर्य दाखवावे. मोजणी झाल्यावर कोळी परत झाडावर सोडावेत.

शिक्षकांनी हा पाठ फळ्यावर न शिकविता शाळेच्या बागेत शिकवावा. बडोदे संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले. त्या भूमीतील शाळांना नवे पाऊल टाकणे अवघड वाटू नये. एक साधे भिंग पुरेसे आहे. पाय मोजणे, कंबर शोधणे, डोक्यावरची दोन शिंगे पाहणे आणि फुलाच्या रंगाशी कोळ्याचा रंग ताडून पाहणे एवढे मुलांनी केले, तरी सूक्ष्म निरीक्षणाची सवय लागते. अशी मुले घरी जाऊन वडिलांना सांगतात आणि ते सांगणे पत्रकापेक्षा अधिक मनावर ठसते.

अधिकाऱ्यांकडे शब्दांची जबाबदारी येते. मराठी पत्रकांत, फलकांवर आणि सभांत नुसते 'कोळी' असे न म्हणता किडीचा उल्लेख 'लाल कोळी कीड' किंवा 'वांझ रोग पसरविणारी कोळी-कीड' असा पूर्ण करावा आणि शिकारी कोळ्यांचा उल्लेख 'मित्र कोळी' असा करावा. जेथे मराठी व गुजराती शेतकरी शेजारी-शेजारी राहतात तेथे किडीसाठी 'कथीरी' हा शब्दही सोबत द्यावा. पत्रकाशेजारी दोहोंची चित्रे छापल्यास उत्तमच. यासाठी निराळा निधी लागत नाही. थोडी दक्षता लागते.

थंडीच्या दिवसांत कानमातील तूर पुन्हा फुलेल, तेव्हा फुलावरून न हलणारी एखादी मधमाशी कोणाच्या तरी दृष्टीस पडेल. त्या वेळी त्याने क्षणभर थांबावे, तिला धरून बसलेल्या प्राण्याचे पाय मोजावेत, त्याची कंबर पाहावी आणि मगच पंपाला हात घालावयाचा की नाही ते ठरवावे. एवढे घडले तरी आजच्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.